मामांनी केलेलं एकमेव भाषण

कोणी ‘मामा, दोन शब्द बोला’ म्हणालं, की मामा पाठ फिरवायचे. रागाने नव्हे. उभे असतील तर उभ्या उभ्या वळायचे, बसले असतील तर बसल्या जागी फिरायचे, आणि भिंतीकडे बघत म्हणायचे, “बोलायचं काय त्यात? उचला.” समोर उचलण्यासारखं काही असो वा नसो. एका लग्नात त्यांना आशीर्वादाचे दोन शब्द बोलायला सांगितले. मामा वळले, “उचला” म्हणाले, आणि चौघांनी खरोखरच नवरदेवाला उचललं. मग त्याला ठेवायचं कुठे हे मामांनी सांगितलं नव्हतं, म्हणून तो बराच वेळ वरच राहिला.

मामा माझे मामा नव्हेत. सगळा गाव त्यांना मामा म्हणायचा, म्हणून मीही. कॅसलरॉकच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून जंगलात शिरलं की ते गाव लागतं. तिथल्या अकरा मुलांच्या मराठी शाळेत मी मास्तर होतो. मूळचा मी खानापूरकडचा, आणि कॉलेजात वक्तृत्वाच्या दोन ढाली मिळवलेला. त्या ढाली मी शाळेच्या भिंतीवर, येणाऱ्याला दिसतील अशा लावल्या होत्या. तेव्हा भाषण म्हटल्यावर पाठ फिरवणारा माणूस बघून मला किती राग यायचा, हे तुम्ही समजू शकाल.

गावाच्या आणि रस्त्याच्या मध्ये एक नाला आहे. उन्हाळ्यात त्यात बकरी उभी राहून पाणी पिते. पावसात मात्र तो जंगलातली झाडं मुळासकट घेऊन येतो. म्हणून मिरगाच्या आधी गावाने मिळून साकव घालायचा, म्हणजे दोन काठांवर लांब लाकडं टाकून माणूस जाईल एवढी वाट करायची. पडलेल्या झाडांपैकी जंगलखातं दाखवील ती घ्यायची, घरटी एक माणूस यायचा. शाळा हे एक घर धरलेलं होतं, त्यामुळे पहिल्याच वर्षी मीही लाकडाखाली गेलो.

सहाजण एकामागे एक, सगळ्यांचा उजवा खांदा, आणि पुढे मामा. आणि काय सांगू तुम्हाला, खांद्यावर वजन आलं आणि मामा बोलायला लागले!

“हां, घ्या!”

“व्हय!” मागचे पाचजण.

“म्होरं मूळ हाय, डावा पाय उचला!”

“व्हय!”

“मास्तराचा पाय कापतोय, जरा दमानं!”

“व्हय!” हे मीसुद्धा म्हणालो.

अर्धा मैल ते एकसारखे बोलत होते. वाटेतला दगड, कोणाचा खांदा सोलला, कोण घरी भांडून आलाय, सगळं त्यांना मागे न बघता कळत होतं. त्यांचा एक नेम होता: मागं बघायचं नाही, आणि एकदा उचललेलं लाकूड नाल्यावर जाऊनच ठेवायचं, तेही त्यांनी ‘ठेवा’ म्हटल्यावर. मी दोन ढाली मिळवल्या, पण माझ्या एका वाक्याला पाचजणांनी कधी असा होकार दिला नव्हता. मला सरळ हेवा वाटला.

लाकूड खाली ठेवलं, आणि मामा मिटले. मी विचारलं, “मामा, एवढं छान बोलता की!” मामांनी पाठ फिरवली.

आता मामींबद्दल सांगायला हवं. एका श्रावणात त्या साकवावरून घसरल्या. मामांनी पदर धरला म्हणून वाचल्या. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, “पक्का पूल हुईपातूर पावसात मी ह्या घरात न्हाई.” तेव्हापासून मिरग आला की मामी रामनगरला धाकट्या लेकीकडे जायच्या, त्या दसऱ्याला परत यायच्या. मामींच्या तोंडाला खळ नव्हती. त्या गेल्या की मामांच्या घरातून आवाज म्हणून यायचा नाही. दर रविवारी मामा साकव ओलांडून रामनगरला जायचे, जावयाच्या पडवीत बसायचे, चहा प्यायचे आणि परत यायचे.

“मामींशी काय बोललात?” मी एकदा विचारलं.

“जावयाच्या घरात सासऱ्यानं बोलायचं काय ओ, गुर्जी?” एवढं म्हणाले, तेही गोठ्याच्या दाराकडे बघत.

साकव वाहून गेला की तो चहासुद्धा बंद. एका वर्षी तर सलग पाच रविवार बंद होता. मामा रोज नाल्यापर्यंत जाऊन पाणी बघून यायचे.

पुढच्या वैशाखात पंचायतीच्या गावात सभा ठरली. तालुक्याचे मोठे साहेब येणार, लोकांच्या तक्रारी तिथल्या तिथे ऐकणार. गावाने ठरवलं, पूल मागायचा, आणि मागायचा मामांनी. मी म्हणालो, मी बोलतो. गावातली एक म्हातारी म्हणाली, “तुमची काय बायकू लेकीकडं ऱ्हाती, गुर्जी?” माझं लग्नच व्हायचं होतं.

मग मी मामांना शिकवायला घेतलं. समोर बघा. श्रोत्यांच्या डोळ्यांत डोळे घाला. हात असा पुढे करा. रंगीत तालमीला श्रोते म्हणून माझी अकरा मुलं मांडी घालून बसवली. मामा त्यांच्यासमोर उभे राहिले. घड्याळ लावून सांगतो, सात मिनिटं उभे होते. तोंड उघडायचं, मिटायचं. कपाळावरून घाम गळून पायावर पडला. शेवटी त्यांतली एक पोर उठली आणि तांब्याभर पाणी देऊन त्यांना घरी घेऊन गेली.

“गुर्जी,” दुसऱ्या दिवशी मामा कुंपणाला सांगत होते, “मानसं म्होरं असली की मला काय सुचत न्हाई. मागं पायजेत.”

यापुढची अक्कल माझी. तिचं श्रेय मी कोणाला देणार नाही. मी म्हणालो, मग लाकूडच घेऊन जाऊ.

तुम्ही हसाल, पण गाव हसला नाही. यंदाच्या साकवाचं एक लाकूड आणायचंच होतं. ते वाटेत सभेला न्यायचं आणि तसंच पुढे नाल्यावर आणायचं, लाकडाचंही काम होईल. सहाजण निघालो. मामा पुढे, मी तिसरा, अर्ज मामांच्या खिशात. जंगलखात्याच्या नाक्यावरच्या गार्डने आडकाठी खाली केली.

“लाकूड कुठं?”

“भाषणाला,” मामा म्हणाले.

“व्हय!” आम्ही पाचजण.

गार्डने मामांकडे बघितलं, लाकडाकडे बघितलं, आणि आडकाठी वर केली. एवढी वर्षं नोकरी करून असं उत्तर त्याने ऐकलं नसावं.

सभेच्या मांडवात आमचं नाव पुकारलं. आम्ही स्टेजवर आडवे उभे राहिलो, मामांचं तोंड बाजूच्या पडद्याकडे, म्हणजे त्यांना माणूस दिसू नये. लाकूड स्टेजपेक्षा लांब, त्यामुळे शेवटचे दोघे बाहेर एका बाकावर चढून उभे. वळताना लाकडाच्या टोकाने पाण्याचा जग, मागचा फलक आणि पंचायतीच्या अध्यक्षांची टोपी खाली आली. साहेब कानडी, पण मराठी समजणारे. त्यांनी विचारलं, “हे काय आहे?” मी लाकडाखालून ओरडलो, “निवेदन, सर.”

“हां!” मामांचा आवाज निघाला. माईकची गरज पडली नाही.

“व्हय!”

“नाला आमचा! दरसाल साकव घालतोय!”

“व्हय!”

“ऱ्हाईला तर ऱ्हाईला, गेला तर गेला!”

“व्हय!”

“पोरं घरात, दुखणेकरी घरात!”

आता मांडवही “व्हय” म्हणायला लागला. तिथल्या निम्म्या लोकांच्या घराशी एकेक नाला होता.

“माझी बायकू पडली!” मामा जरा थांबले. “चार म्हैने लेकीकडं ऱ्हाती. मी हिकडं. म्हातारपणात चार म्हैने म्हंजे लई हाय ओ!”

या वेळचा ‘व्हय’ हळू आला. माझ्या तोंडून तर आलाच नाही. लाकडाखाली उभा राहून मला रडू फुटलं होतं आणि हात अडकल्यामुळे डोळे पुसता येत नव्हते.

“पूल पायजे!”

“व्हय!” मांडव गरजला, आणि त्यात साहेबांचाही आवाज होता. शेजारच्या कारकुनाने चमकून त्यांच्याकडे बघितलं.

इथे भाषण संपलं. टाळ्या पडल्या. नमस्कार करावा, अर्ज द्यावा, लाकूड बाहेर ठेवावं. पण मामांचा नेम तुम्हाला ठाऊक आहे. ते म्हणाले, “चला!” आणि चालायला लागले. आम्ही स्टेजवरून उतरलो, मांडवातून बाहेर पडलो, बाजाराच्या वाटेला लागलो. अर्ज मामांच्या खिशात तसाच.

“मामा, अर्ज!” मी ओरडलो.

“व्हय!” चौघे म्हणाले. लाकूड खांद्यावर असलं की मागून येणाऱ्या कुठल्याही हाकेला ते एवढंच उत्तर देत.

“मामा, साहेबांना अर्ज द्यायचा राहिला!”

“व्हय!”

“दमानं, मास्तराला धाप लागली!” मामा पुढून म्हणाले.

मी सुटून धावत परत जावं म्हटलं तर माझं वजन चौथ्यावर पडणार, ते शक्य नव्हतं. मागे हॉर्न वाजला. साहेबांची जीप होती. त्यांच्या नोंदीत तक्रार आली, भाषण आलं, पण अर्ज नव्हता, आणि अर्जाशिवाय त्यांना काही करता येत नव्हतं. वाट अरुंद, लाकूड लांब, जीप पुढे येऊ शकेना. नाक्यावरच्या गार्डने न सांगता आडकाठी वर केली आणि साहेबांना सलाम ठोकला. पुढे जीपची वाट संपली तेव्हा साहेब कारकुनासह उतरले आणि बूट सांभाळत आमच्या मागे चालायला लागले. बिचारे एकूण दीड मैल चालले असतील. नाला आला.

“ठेवा,” साहेब धापा टाकत म्हणाले.

लाकूड हललं नाही.

“ठेवा म्हणतो ना मी!”

तालुक्याचा साहेब दुसऱ्यांदा सांगत होता आणि सहाजण भर उन्हात लाकूड घेऊन उभे होते. मग मामा म्हणाले, “ठेवा,” आणि लाकूड बरोबर काठाला टेकलं. साहेबांनी मामांकडे बघितलं. नंतर कारकुनाला कानडीत काहीतरी म्हणाले. मला कळलं ते एवढंच, की आमच्या ऑफिसात असं कोणी ऐकत नाही.

अर्ज खिशातून निघाला तो घामाने भिजून लगदा झालेला. मी सुंदर अक्षरात, तीन समर्पक उपमा घालून लिहिलेला अर्ज. साहेब गेल्या वर्षीच्या मोडक्या साकवाजवळ गेले. एक पाय टाकला, खाली बघितलं आणि काढून घेतला. मग दगडावर बसून कारकुनाकडून कोरा कागद मागितला. “सांगा,” ते मामांना म्हणाले, “मी लिहितो.” मामांनी पाठ फिरवली. मला वाटलं, झालं, बुडालो. पण साहेब शांतपणे मामांच्या पाठीमागे बसून राहिले आणि म्हणाले, “व्हय. पुढं?”

मामांनी नाल्याकडे तोंड करून सगळा अर्ज सांगितला.

पूल व्हायला तिसरं वर्ष उजाडलं. मिरग लागल्यावर आठवड्यातच उद्घाटनाला मांडव पडला, पुढाऱ्यांची भाषणं झाली, ज्यांनी नाला त्या दिवशीच पहिल्यांदा बघितला तेही अर्धा तास बोलले. सूत्रसंचालन अर्थात माझं. मी ‘आता मामा दोन शब्द बोलतील’ म्हणालो, तर मामा नव्हते. ते सकाळीच रामनगरला गेले होते. फीत कापून टाळ्या चालू असतानाच समोरून टेम्पो आला. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी मामी, मागे मामींच्या ट्रंकेवर मामा. टेम्पो न थांबता पुलावरून गेला. मामींचं तेव्हाही बोलणं चालूच होतं.

पुढच्याच महिन्यात माझी बदली झाली. मामा त्याच वर्षी दसऱ्याच्या तोंडावर गेल्याचं मला फोनवर कळलं. झोपेतच गेले म्हणे. मला लगेच जाता आलं नाही, याची बोच आहे. गेलो तो पुढच्या आषाढात. नाला दोन्ही काठ घेऊन वाहत होता आणि मी मोटरसायकलवरून पूल ओलांडला.

मामी चुलीपुढे एकट्या होत्या. लेक रोज बोलावते, पण गेल्या नव्हत्या. मी म्हणालो, “मामी, ते शेवटचा पाऊस तरी तुमच्याबरोबर राहिले.”

“ऱ्हाईले की.” त्यांनी चहाचं आधण ठेवलं. “चार म्हैने बोलत हुते ओ, गुर्जी. चुलीकडं पाठ करून हितं बसायचे आन् सांजच्यापास्नं बोलायचे. लगीन झाल्यापासनंचं सगळं. मला एक शबूद बोलू दिला न्हाई.”

“मामा?”

“व्हय तर. मी म्हटलं, आता जरा दम खावा, दसऱ्याला सांगा ऱ्हाईलेलं. तर म्हणाले, तू आता काय कुठं जात न्हाईस, पर माझं कुठपातूर आलंय बघ, आत्ताशिक थोरलीच्या जन्मापातूर आलंय.”

मामींनी कपात चहा ओतला. बाहेर पाऊस होता. कप माझ्यापुढे सरकवून त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

“धाकटीच्या जन्माचं ऱ्हाईलं,” मग म्हणाल्या.