मोटारीला मारलेली पिन

आमच्या ह्यांना दोन बायका. एक मी अन् दुसरी शेठजींची काळी मोटार. हे तिचे ड्रायव्हर!

लग्न होऊन कळंबात आले, तर घरात आम्ही दोघंच. सासू न्हाय, नणंद न्हाय, भांडायलासुदिक कुणी न्हाय! हे दिवसभर मोटारीत. मी स्टोव्हशी गप्पा मारायची. (तो निदान फुरफुर करून जबाब तरी द्यायचा.) जेवायला बसले की ह्यांचं सुरू, "अगं, कार्बोरेटरात एवढंसं भोक असतंय. त्यातून पेट्रोल येतंय, हवेच्या झोतात त्याचा फवारा उडतोय, मग इंजनात ठिणगी पडली की भडका!"

"भाजी कशी झालीया?"

"कचरा अडकला की संपलं!"

पंचमीला शेठजींनी एका दिवसापुरती मोटार दिली. माहेरी, ईट गावाला जायला! लढाईमुळं पेट्रोल मापून घातलेलं, जाऊन येण्यापुरतंच. मला त्याचं काय? कितीक महिन्यांचं बोलणं पोटात साठलेलं! आईला काय सांगायचं, बहिणीला काय, सगळं वाटेनं घोकत होते.

येरमाळ्याच्या पुढं मोटार खोकली अन् गपकन थांबली. ह्यांनी कार्बोरेटर खोलून त्या भोकाचा पितळेचा बारका जेट काढला, फुंकला. गाल फुगले, डोळे बाहेर आले, कचरा जागचा हलंना! वर पेट्रोल तोंडात गेलं. जेट माझ्या हातात देऊन हे ओढ्यावर चूळ भरायला पळाले.

म्या जेट उजेडात धरला. अगं बाई, हे तर स्टोव्हचंच भोक! अन् स्टोव्ह तुंबला की काय करतात? पिन मारतात! पदराला सेफ्टी पिन होतीच. जरा जाड होती, म्हणून जरा जोर लावला.

ह्यांनी येऊन जेट बसवला, हँडल मारलं, मोटार धडाडून सुरू!

"कसं काय केलंस गं?"

लग्नानंतर ह्यांनी मला विचारलेला पहिलाच प्रश्न! मी अशी फुगले की मोटारीचं दार लागंना.

भूम गाव आलं अन् मी मागं बघितलं. "अहो, केवढं आभाळ आलंय!"

"आभाळ न्हाय, आपला धूर हाय! त्या भोकात काय घातलंस?"

"पिन."

"अगं, भोक मोठं झालं! आता फवारा कुठला, नळ सुटलाय! घटाघटा पेट्रोल पितीया ती!"

"पिऊ द्या की. उपाशी होती बिचारी."

गाव दोन कोसांवर असताना टाकी कोरडी! शेवटी एका गाडीवानानं मोटारीला बैल जुंपले. हे आत चाक धरून, मी बाजूनं चालत. आईनं वेशीत भाकरतुकडा ओवाळून टाकला, तोसुदिक मोटारीवरून!

कळंबाहून नवा जेट अन् पेट्रोल येईस्तवर मुक्काम पडला. मनात म्हटलं, बरंच झालं, आता बोलू पोटभर! तर रोज ओसरीवर सारं गाव गोळा, अन् मधी हे, "एवढंसं भोक असतंय…" आबा 'व्हय व्हय' करत ऐकायचे. आई निवडायचं सूप घेऊन तिथंच. बहीण दाराला टेकून. अन् मी आत एकटी, सगळ्यांचा चहा ठेवून, स्टोव्हशी बोलत.

एक दिवस तोही तुंबला.

"आई, पिन कुठंय गं?"

ओसरीवरून सगळे एका सुरात ओरडले, "तिच्या हातात पिन देऊ नका!"

चला, माहेरी आल्यापासून माझं एक वाक्य तरी सगळ्यांनी नीट ऐकलं!