तांबीबाईंची ओटी

तांबीबाईंना हळू बोलता येत नसे. ज्या गोष्टी बायका एकमेकींच्या कानातसुद्धा चाचरत सांगायच्या, त्या बाई पडेगावच्या आमच्या गल्लीत उभ्या राहून खड्या आवाजात विचारायच्या. "का गं, पाळी आली का? मग आता कशाची वाट बघतीस?" आई पदर तोंडाला लावायची आणि वडील पायात चपला सरकवून उगीचच बाहेर पडायचे. बाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. पाळणा लांबवायला बायकांना तांबी बसवून बसवून हे नाव पडलं होतं, आणि ते त्यांना आवडायचं. "नवऱ्याच्या नावापरीस बरं हाय," म्हणायच्या. "हे मी कमावलेलं हाय."

मूल अंगावर पितंय तोवर दिवस राहत नाहीत, अशी आमच्याकडे पक्की समजूत. या समजुतीवर विसंबलेली एखादी बाई पुन्हा पोट घेऊन आली की तांबीबाई आधी तिची खरडपट्टी काढायच्या, मग तिच्यासाठी चहा मागवायच्या. प्रत्येक साधनाला त्यांची एक ठरलेली ओळ असे. "गोळी म्हंजी दूध तापवणं, इसरलीस की नासलं. तांबी म्हंजी दाराची कडी, लावली की कैक वर्षं निवांत. आपरेशन म्हंजी भिंतच, मागनं दार पाडाया येऊ नका." निरोधपाशी आल्या की सगळ्याजणी माना खाली घालायच्या. "पोट आन् अंग, दोन्ही जपणारा त्यो एकटाच. बाकीच्यांनी रोग अडत नाय. पण त्यो तुमच्या हातात नाय, मालकाच्या हातात हाय. तितंच घोडं पेंड खातंय."

बाळंतपण उरकून लेक सासरी निघाली की गल्लीतल्या बायका तिची ओटी भरायच्या. तांबीबाई कधीही चुकायच्या नाहीत. सासूने पेटी उचकली तरी माहेरच्या ओटीला ती हात लावत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून गहू आणि नारळाबरोबर त्या खणात गोळ्यांची पाकिटं नाहीतर निरोध बांधून द्यायच्या. आम्हाला या युक्तीचं भारी कौतुक होतं.

माझी मोठी बहीण, आमची अक्का, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचा नवरा ट्रकवर ड्रायव्हर, महिना महिना गुजरातच्या वाटेवर. बाईंनी अक्काला तांबी बसवली आणि निघायच्या दिवशी ओटीच्या खणात निरोध ठेवत बजावलं, "ड्रायव्हरची बायको हाईस. नुसत्या तांबीवर राहू नगं." त्या वर्षांत त्या नव्या आजाराचं नाव कुणी घरात घेत नव्हतं.

"त्यांला कसं सांगू, मावशी?" अक्का म्हणाली. "तांबी बसवली तर हे कशाला, म्हणतील. मी त्यांच्यावर संशय घेतीया, असं व्हईल."

तेव्हा भावजी अंगणात खाटेवर बसून चहा पीत होते. अक्काला न्यायलाच आले होते. तांबीबाईंनी दाराकडे पाहिलं आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच आवाज खाली केला. "गुमान पेटीत ठेव. येळ बघून काढ," असं कुजबुजत त्यांनी खणाला गाठ मारली. जावई पाहुणा, त्यात रागीट. आम्हा सगळ्यांनाच तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं.

भावजी काही वर्षांनी वाळत वाळत गेले. पाठोपाठ अक्का गेली. तिने कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं, आणि तिच्या मयताला माणसं दारापासून लांब उभी राहिली, हे मी अजून विसरलेली नाही. त्याच बाळंतपणातली तिची लेक मंगल तेवढी वाचली. ती या सगळ्याच्या आधी जन्मली होती. अक्काची पेटी मी उघडली तेव्हा तळाशी तो खण निघाला. गाठ तशीच होती. किडीने गव्हाचं पीठ झालं होतं, आणि त्या पिठात ती पाकिटं होती.

तांबीबाईंनी ते पाहिलं आणि जमिनीवर बसल्या. "जावई भाईर खाटंवर व्हता," म्हणाल्या. "धा पावलावर. आन् मी आवाज खाली केला."

त्यानंतर त्यांनी कुणाचीही ओटी भरली नाही. नोकरी संपल्यावर त्या दौलताबाद रस्त्यावर ट्रक थांबतात तिथं जाऊन बसायच्या आणि ड्रायव्हरांशी बोलायच्या. पोरं हसायची, शिट्ट्या मारायची. "हसू दे. ऐकत तर हायती," एवढंच त्या म्हणायच्या. त्यांचं स्वतःचं हसणं मात्र गेलं ते गेलंच.

मंगलला मी वाढवलं. तिचं लग्न बिडकीनला झालं. मांडवपरतणीला दोघं आली, परत निघायच्या वेळी बायका जमल्या. तांबीबाई भिंतीला धरत धरत आल्या. घशाच्या दुखण्याने आवाज पार बसला होता. गव्हाचं ताट मी पुढे केलं तर त्यांनी बाजूला सारलं. नवा जावई अंगणात खुर्चीवर चहा पीत होता. बाईंनी बोटाने त्याला आत बोलावलं, मंगलशेजारी बसवलं आणि काहीतरी बोलल्या. कुणाला काही कळलं नाही. मंगलने कान त्यांच्या तोंडाशी नेला. मग ती ताठ बसली आणि सगळ्या बायकांदेखत, खड्या आवाजात नवऱ्याला म्हणाली, "आजी इचारतायत, पोट कशानं जपणार? आन् अंग कशानं?"

जावयाचे कान लाल झाले. खाली बघत तो म्हणाला, "आम्ही दोघांनी लग्नाआधीच रक्त तपासलं, आजी. आन् पुढचं... निरोध मीच आणीन."

"मोठ्यानं," तांबीबाई म्हणाल्या. एवढा शब्द मात्र सगळ्यांना ऐकू आला.

त्याने पुन्हा, मोठ्याने सांगितलं. मग बाईंनी हात गव्हाच्या ताटाकडे नेला आणि मंगलची ओटी भरली.

त्या पावसाळ्यातच बाई गेल्या. मंगलच्या ओटीत त्यांनी नुसते गहू आणि नारळ घातले होते. अक्काच्या ओटीतही तेवढंच असायला हवं होतं; बाकीचं अंगणात, भावजींच्या तोंडावर.