पणजोबांच्या रजेचे सात अर्ज

आजीचं तिच्या वडिलांबद्दल, म्हणजे माझ्या पणजोबांबद्दल, एकच म्हणणं होतं. "आई गेली तेव्हा आले नाहीत. त्यांना बायकोपेक्षा नळ प्यारा." पुढे अकरा वर्षं, ते जाईपर्यंत, एका घरात राहून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. आता अठ्ठ्याऐंशीची झाली. परवा मला म्हणाली, "का नाही आले, ते बघ बाई. वर गाठ पडली तर काय बोलू त्यांच्याशी?"

पणजोबा पाणीखात्यात चावीवाले होते. खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी घेऊन गल्लोगल्ली फिरायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं आणि आतला व्हॉल्व्ह फिरवून एकेका भागाला पाणी सोडायचं. लढाईत शहरावर बॉम्ब पडणार अशी आवई उठली, तेव्हा त्यांनी पणजीला आणि नऊ वर्षांच्या आजीला पणजीच्या माहेरी नेऊन पोचवलं. तिथे पणजी तापाने अंथरुणाला खिळली. पत्रांवर पत्रं गेली. हे आले नाहीत.

खात्याच्या जुन्या दप्तरात शिरायला ओळख लागली. आमच्या शेजारचे फिटरकाका तिथूनच निवृत्त झालेले, ते सोबत आले. देवाचं नाव घेऊन दोघं गठ्ठे सोडायला लागलो, तर तिसऱ्या दिवशी पणजोबांची फाइल हाती आली. सात आठवड्यांत रजेचे सात अर्ज. सहांवर लाल पेन्सिलीने एकच शेरा: 'बदली माणूस नाही. नामंजूर.'

"एवढ्या मोठ्या खात्यात चावी फिरवायला दुसरं कुणी नव्हतं?" मी विचारलं.

"ताई, व्हॉल्व्ह जुने," काका म्हणाले. "कुठला उलटा फिरणारा, कुठला अर्ध्यावर थांबवायचा. एक फेरा चुकला की खाली पाइप फुटलाच. जुनी माणसं हे कुणाला सांगायची नाहीत. लढाईच्या आधी मंदी आली, निम्मे लोक घरी बसवले. तुमच्या पणजोबांना हात लावायची साहेबाची टाप नव्हती, ती त्यामुळेच."

"मग नोकरी सोडून जायचं."

"लढाईत? पाण्याचं काम सोडलं तर तुरुंग होता."

म्हणजे नोकरी वाचवायला स्वतःच दार लावून घेतलं, आणि तेच आता उघडेना.

सातव्या अर्जाला एक कागद टाचलेला होता. अठ्ठावीस व्हॉल्व्ह, प्रत्येकापुढे फेरे. वर लिहिलं होतं, 'सगळे लिहून देत आहे. आता तरी सोडावे.' त्यावर शेरा: 'महिनाभर नवा माणूस सोबत फिरवून तयार करावा. नंतर विचार करू.' अर्जाची तारीख पाहिली. पणजी दोन दिवस आधीच गेली होती.

मी कागद उतरवून घेतला आणि घरी येऊन आजीला सगळं सांगितलं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "वाच ते फेरे."

मी वाचत गेले. नवव्या व्हॉल्व्हला आले, "शाळेपुढचा. उलटे चौदा..."

"...आणि अर्धा मागे," आजी म्हणाली.

कागदावर तेच होतं.

"मला शाळेत सोडायला यायचे, तेव्हा फेरे माझ्याकडून मोजून घ्यायचे. सगळे अठ्ठावीस पाठ होते मला." तिने डोळे मिटून घेतले. "कुणाला सांगायचं नाही म्हणाले होते. मी नाही सांगितलं."