आमच्या परसात दाणे कोण टाकत होतं?

भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जाते. महाडच्या एमआयडीसीत लॅबमध्ये काम करते, नमुना तपासल्याशिवाय मत द्यायचं नाही ही सवयच लागलीय. तरी हे लिहितेय... कारण ज्यांना सांगितलं त्यांच्यापैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही.

आमचं घर पोलादपूरच्या बाहेर, आंबेनळीच्या रस्त्याला. मागे परस, भोवती दगडी गडगा, त्यावर जाळी आणि एकच फाटक. घरात मी, मिस्टर आणि सासूबाई. थोड्या गावठी कोंबड्या होत्याच, पण मला असील हव्या होत्या. उंच पायांच्या, ताठ मानेच्या, जुन्या अस्सल जातीच्या. हल्ली सहज मिळत नाहीत.

वरंधच्या वरच्या एका वाडीत भागीरथीआजींकडे त्या होत्या. आजी एकट्याच राहायच्या. पडल्या, कंबर दुखावली, म्हणून मुलगा त्यांना विरारला घेऊन चालला होता. आजींनी चारही कोंबड्या स्वतःच्या हाताने आमच्या टोपलीत ठेवल्या.

"कापू नको हां गो यांना."

"नाही आजी. शब्द देते."

नव्या कोंबड्या लगेच जुन्यांत सोडत नाहीत, रोग असला तर सगळ्यांना लागतो. म्हणून परसाचा एक कोपरा जाळी लावून त्यांना वेगळा दिला. तांदळाची कणी ठेवली, मका ठेवला. शिवल्यासुद्धा नाहीत. दिवस जात होते, मला काळजी लागली होती, आणि या मात्र तुकतुकीत!

एका संध्याकाळी कामावरून येऊन एकीला उचललं. गळ्याखालची पिशवी टच्च भरलेली. चोचीला एक तांबूस बारीक दाणा चिकटलेला. नाचणी.

"आई, तुम्ही नाचणी घातलीत यांना?"

"घरात हाय कुठं नाचणी?" सासूबाई म्हणाल्या. "दुपारी मागल्या दारी कोणतरी कोंबड्यांना बोलवल्यासारखं तीऽ तीऽ करतंय गो. मला वाटलं शेजारीण."

शेजारचं घर बंद होतं. ती माणसं मुंबईला असतात.

दिवसभर सासूबाई घरात एकट्या, आणि कुणीतरी परसात येऊन जातंय... मिस्टरांनी फाटकाला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौघींच्या पिशव्या तशाच भरलेल्या.

"एक कापू," मिस्टर म्हणाले. "बघू तरी पोटात काय आहे."

"अजिबात नाही. शब्द दिलाय मी."

"मग रजा काढ आणि बस राखण करत."

मी खरंच रजा काढली. स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसले. उन्हाळ्याचं लख्ख ऊन होतं. दुपारी अचानक आमच्या गावठी कोंबड्या गप्प झाल्या आणि एकमेकींना ढकलत खुराड्यात शिरल्या. चारही असील गडग्यापाशी जाऊन ओळीने उभ्या राहिल्या. माना वर. माणसाचा हात असतो ना, तेवढ्या उंचीवर त्यांची नजर होती. मग चौघींची डोकी एकदम डावीकडून उजवीकडे वळली आणि खाली गेली. टक टक टक... टिपायला लागल्या.

मागून सासूबाईंनी माझं कोपर घट्ट धरलं. "आली बघ."

"कोण?"

"आवाज येतोय ना तुला?"

मला कसलाही आवाज येत नव्हता.

दार उघडून बाहेर गेले. कोंबड्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. जमीन कोरडी, उघडी, एक दाणा नाही. एकीला धरलं, गळ्याखाली बोट लावलं... आणि बोटाखाली ती पिशवी भरत होती. दाण्यांची सरसर कळत होती मला. तिला तिथेच सोडून आत पळाले आणि दाराला कडी घातली.

आजींच्या सुनेला, सुनंदाताईंना फोन केला. "आईंना आयसीयूत ठेवलंय हो," त्या रडवेल्या आवाजात म्हणाल्या. "इथे आल्यापासून जेवल्याच नाहीत. आता शुद्ध नाही. हात तेवढा हलतो, दुपारचा. मूठ भरतात आणि उधळतात. डॉक्टर म्हणतात, झटके असतील."

"आजी कोंबड्यांना काय घालायच्या?"

"नाचणी. का हो?"

"नंतर सांगते," म्हणून मी फोन ठेवला. संध्याकाळी बाजारातून नाचणी आणली. दुसऱ्या दिवशी दुपारी, तिथे भेटायची वेळ असताना, सुनंदाताईंना फोन आजींच्या कानाशी धरायला लावला. मी परसात उभी. स्वतःचाच आवाज मला वेडगळ वाटत होता.

"आजी, मी पोलादपूरची. तुमच्या कोंबड्या बऱ्या आहेत. आजपासून दाणे मी घालते. तुम्ही आता दमू नका."

मूठभर नाचणी टाकली. चौघी गडग्याकडे तोंड करून उभ्या होत्या, त्या सावकाश वळल्या. माझ्या पायाशी आल्या. खायला लागल्या.

"ताई..." फोनमधून सुनंदाताईंचा आवाज आला. "आईंचा हात थांबला."

आणि फोन कट झाला.

मला वाटलं, गेल्या. आणि माझ्या बोलण्यामुळे गेल्या. परत फोन करायचा धीर होईना. सासूबाई देवासमोर बसून राहिल्या. संध्याकाळी फोन वाजला तेव्हा तो मिस्टरांनी घेतला. आजींनी डोळे उघडले होते. पेज मागितली होती.

पावसाळा सरल्यावर आजी कोंबड्या बघायला आल्या, सुनेला घेऊन. वीर स्टेशनवरून रिक्षाने. आमचं घर त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. पण काठी टेकत त्या सरळ मागील दारी गेल्या, त्याच कोपऱ्यात गडग्यापाशी उभ्या राहिल्या आणि खाली बघून म्हणाल्या,

"हितला दगड काढलास ते बरं केलंस गो. लय लागायचा पायाला."

तिथे एक दगड वर आलेला होता खरा. मिस्टरांनी तो गणपतीच्या आधी उपटून टाकला होता.

"औषधांनी कायतरी भास झाले असतील," सुनंदाताई म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष आजींच्या पायाकडे गेलं आणि त्या खाली वाकल्या. अंगठ्याचं नख अजून काळंनिळं होतं.

"हे हॉस्पिटलातच झालं," त्या हळूच मला म्हणाल्या. "खाटेवरून उतरल्याही नव्हत्या तेव्हा. नर्सनाही कळलं नाही कशाने."

कंपनीतल्या डॉक्टरांना विचारून झालं, शिकल्यासवरलेल्या कितीतरी लोकांना विचारून झालं. खाटेवर बेशुद्ध पडलेल्या बाईच्या अंगठ्याला ठेच कशी लागते, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.