पाण्यासोबत टेलपर्यंत

"पान्याले एकटं सोडू नये, मास्तर," असं म्हणत ते फावडं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यायचे आणि माझ्या उत्तराची वाट न बघता चालू लागायचे. पाणी थांबायचं नाही, म्हणून तेही थांबायचे नाहीत.

चिखली तालुक्यातल्या आमच्या धरणाच्या कालव्यावर ते चौकीदार होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. माझं थोडं वावर कालव्याच्या अगदी शेवटी आहे, त्याला इकडे ‘टेल’ म्हणतात. शाळेतली नोकरी सांभाळून मी तिथं हरभरा पेरतो. तुमच्यापैकी कुणाचं वावर टेलला असेल, तर त्याला जास्त सांगायला नको. पावसाळ्यात धरण भरतं, हिवाळ्यात गेट उचलतात, पाणी मोठ्या कालव्यातून लहान कालव्यात आणि तिथून चारीनं शेतात येतं. पुस्तकात एवढंच असतं. मधे गावं असतात आणि प्रत्येकाला पाणी आधी हवं असतं, हे पुस्तकात नसतं.

म्हणून पाण्याची पाळी सुटली की काका पाण्याच्या तोंडाबरोबर निघायचे. कोरड्या कालव्यात पाणी येताना तुम्ही पाहिलंय? लाटेसारखं येत नाही ते. वाळलेलं गवत, पळसाची पानं, गुटख्याच्या पुड्या, कुणाची तरी एक चप्पल, असं सगळं पुढं ढकलत माणसाच्या चालीनं येतं. काठावरून काका. कचरा अडला की फावड्यानं मोकळा करायचे आणि पाण्याला म्हणायचे, "चाल माय, चाल. अजून लय दूर जाचं हाये."

माझ्या बांधावर पोचले की हाक यायची, "मास्तर, आणलं बरं!" जणू सासरहून लेक आणली. मग बूट काढून पाय चारीत सोडून बसायचे. घरची चौकशी केली की म्हणायचे, "कालवा इचारा. घराचं काय इचारता?"

घर तसं होतं त्यांना. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारली, मूलबाळ नाही. धाकट्या भावाच्या घरी राहायचे. भावाची मुलगी त्यांच्या खांद्यावरच वाढली. पुढं ती माझ्या वर्गात होती. शाळेत पालकांना बोलावलं की बापाऐवजी काकाच यायचे आणि तिची तक्रार ऐकताना स्वतःच मान खाली घालायचे.

भावाचं वावर धरणाच्या पायथ्याशी, कालव्याच्या सुरुवातीला. एका वर्षी पाऊस कमी झाला, धरण अर्धंच भरलं. आधी टेल, मग वरची गावं, असं ठरलं. भावाचा गहू ओंबीवर आला होता आणि डोळ्यांसमोरून पाणी वाहत पुढं चाललं होतं. त्यानं आपल्या चारीचं गेट उचललं आणि खाली दगड सारला.

पुढचं मला काकांनी कधीच सांगितलं नाही. तिथं हजर असलेल्या शेजाऱ्यानं सांगितलं. काकांनी दगड काढला, गेट खाली केलं, कुलूप लावलं.

"दादा, आपल्या घरचंच वावर हाये हे!" भाऊ म्हणाला.

"म्हनूनच बंद करतो. दुसऱ्याचं कोन्या तोंडानं बंद करू?"

"मंग आजपासून घरी येऊ नको. मी बोलनार नाही तुह्यासंगं."

काका पुन्हा घरी गेले नाहीत. कालव्यावरच्या चौकीत स्टोव्ह मांडला. भावाचा गहू वाळला आणि माझा हरभरा पिकला. मी हरभऱ्याचा टहाळ घेऊन चौकीवर गेलो, तर काका भाकरी थापत होते. परातीत पीठ भरपूर होतं. माझ्याकडे बघून ओशाळले. "हाताले सवय हाये, मास्तर. घरच्यासारखंच मळल्या जाते."

पुतणीचं लग्न ठरलं. मांडव कालव्याकाठच्या वावरातच होता. मला पत्रिका होती, काकांना नव्हती. नेमकी त्याच दिवशी पाळी सुटली. अक्षता पडून पंगती बसल्या होत्या आणि काठावरून फावडं घेऊन काका येताना दिसले. मांडवाकडे न बघता चालले होते. नवरी उठली, ताटातल्या मूठभर अक्षता घेऊन शालू सावरत काठाकडे पळाली.

"मोठे बाबा, जेवून जा ना!"

"पानी निंगालं बेटा. थांबता येत नाही."

तिनं मुठीतल्या अक्षता त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या तिच्या डोक्यावर टाकल्या. काही दाणे पाण्यात पडले आणि कचऱ्याबरोबर पुढं गेले. मांडवात तिचा बाप उभा होता. तो खाली बघत राहिला. काका सदऱ्याला हात पुसत चालू लागले. वाट कोरडी असूनही दोनदा अडखळले.

पुढं कालव्याऐवजी जमिनीखालून पाइप आले. टेलला आता पाणी येतं, आधीपेक्षा बरंच येतं, खोटं कशाला बोलू? व्हॉल्व्ह फिरवला की येतं. काका त्याच सुमारास निवृत्त झाले आणि चौकीला कुलूप लागलं. ते कुठं गेले हे मला बरेच दिवस कळलं नाही. मग कानावर आलं, की भावाला लकवा मारला. भावजय आधीच गेलेली, मुलगी सासरी. काका कुणी न बोलावता घरी गेले होते.

गेल्या महिन्यात मी तिथं गेलो. अंगणात खाटेवर भाऊ उशीला टेकवून बसवलेला. काका दुधात भाकरी कुस्करून त्याला भरवत होते, हनुवटीवरचा ओघळ पंच्यानं पुसत होते. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"कळतं का यांना?" मी विचारलं.

"हाव, समदं कळते." काका हसले, पण घास धरलेला हात तसाच राहिला. "लय वर्षं बोलला नाही, मास्तर. आता बोलाचं हाये त्याले, मले दिसते ना. तं आता बोलता येत नाही."

थोडा वेळ बसून मी "येतो" म्हटलं. काका मला फाटकापर्यंत सोडायला उठू पाहत होते. पण भावाच्या चालत्या हाताच्या मुठीत त्यांच्या सदऱ्याचं टोक होतं. ते पुन्हा खाली बसले.