एका मिनिटाचे आप्पा

हिंगोलीच्या एका शाळेत मी कॉम्प्युटर शिकवते आणि फावल्या वेळात दुरुस्तही करून देते. माझी पोरं कुठंही भेटली तरी एक वाक्य चिडवल्यासारखं म्हणून दाखवतात: "आधी कॉपी, मग दुरुस्ती!" हे मी वर्षानुवर्षं ओरडून सांगत आलेय. लोक बंद पडलेलं मशीन घेऊन येतात, सगळं पुसून नवीन करून द्या म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी लेकराच्या बारशाचे फोटो मागायला येतात. मग मी त्यांना झापते. माय म्हणते, ही तोंडात मिरची घेऊनच जन्माला आली.

गेल्या उन्हाळ्यात माहेरी कुरुंद्याला गेले, तर मायनं पाणीसुद्धा न देता मला आतल्या खोलीत नेलं. तिथं आमचा जुना कॉम्प्युटर होता. तिनंच जुन्या साडीचं शिवलेलं कव्हर त्याच्यावर घातलेलं.

"हे चालू करून दे."

"काहून? तुला आता क्लास लावायचाय व्हय?"

ती हसली नाही. ओसरीवर आप्पा खुर्चीत बसले होते, त्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू ती म्हणाली, "मला त्यांचा आवाज आठवंना गेलाय, बाई. माणूस समोर बसलेलं हाय, अन् आवाज आठवंना."

आप्पा म्हणजे माझे वडील. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजतं सगळं. तोंडातून मात्र एकच "हां" निघतो. होकाराला तोच, नकाराला तोच, रागालाही तोच. मायचं ऐकून मी आठवून पाहिलं, तर आवाज मलाही आठवेना.

तो त्या कॉम्प्युटरमध्ये असणार, हे आम्हा दोघींना माहीत होतं. लग्नानंतर काही वर्षं मी पुण्याला होते. फोनवर आप्पा कधी धड बोलले नाहीत. "बरं हाय, तुझ्या मायला देतो," की झालं. नेटवरून तरी बोलतील म्हणून मी माइकवाला हेडफोन आणून दिला, तर गावात नेट टिकेना. मग आप्पा त्या माइकात एकटेच बोलायला लागले. त्यातला आवाज भरायचा प्रोग्राम एका मिनिटाला आपोआप थांबायचा, आणि आप्पांना घाई कशाशी खातात ते माहीत नाही. हळद शिजवायला लावली म्हणून सुरुवात करायचे, चूल पेटायच्या आत मिनिट संपायचं. मी सुट्टीत आले की मला शेजारी बसवून ऐकवायचे. "हे तुला तवाच सांगायचं होतं." ऐकून झालं की माउसनं काहीतरी करायचे आणि पडदा साफ दिसायचा. ते काय करतात, हे मी कधी पाहिलं नाही.

मशीन उघडलं तर पंख्यावर धुळीची गादी आणि कोपऱ्यात पालीची अंडी. सगळं झाडलं, मेमरीची पट्टी काढून तिच्या कडा खोडरबरानं घासल्या, पुन्हा बसवली. बटण दाबल्यावर बीप वाजली आणि पडदा उजळला, तेव्हा माय दारातूनच हात जोडून मोकळी झाली. आप्पांना आम्ही खुर्चीसकट आत आणलं.

मग माझं ठरलेलं काम. काही हलवायच्या आधी एकेक फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. माझे कॉलेजचे प्रोजेक्ट, लग्नाचे फोटो, मावशीच्या शेळीचेसुद्धा फोटो निघाले. आप्पांचा आवाज कुठंच नव्हता. नावानं शोधलं, प्रकारानं शोधलं. माय प्रत्येक वेळी "मिळाला?" विचारायची. शेवटी तिच्यावरच खेकसले, "न्हाई गं! किती वेळा सांगू?" ती पदरानं पडद्याची धूळ पुसायला लागली. ते मला जास्त लागलं.

मशीनची डिस्क गच्च भरली होती, माउसचा बाण हलायचं नाव घेत नव्हता. थोडी जागा करून पुन्हा एकदा शोधावं म्हणून मी पडद्याच्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या टोपलीवर गेले. टोपली रिकामी करायची का, असं मशीननं विचारलं. 'हो'वर बाण नेऊन मी दाबणार, तोच आप्पांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

"हां!"

"आप्पा, सोडा. जरा काम करू द्या."

"हां! हां!" त्यांनी हात सोडला नाही. मी बोट मागं घेतलं तेव्हा सोडला, आणि पालथा पंजा हवेत फिरवायला लागले, वरून काहीतरी पसरून हलकं दाबल्यासारखा. थंडी वाजतेय वाटून मी चादर टाकली. त्यांनी ती भिरकावून दिली.

माय त्यांच्या पंजाकडं बघत राहिली. "बेणं झाकून राहिले ते," ती म्हणाली.

पुढच्या लागवडीसाठी ठेवलेलं हळदीचं बेणं आप्पा दरवर्षी लिंबाखाली ढीग करून ठेवायचे, आणि वरून हळदीचाच वाळलेला पाला पसरायचे. लांबून बघणाऱ्याला तो कचराच वाटायचा. लग्नानंतर पहिल्यांदा आलेल्या माझ्या नवऱ्यानं मदत करायच्या उत्साहात तो पेटवायला काडी काढली होती. आप्पा धोतर सावरत पळत सुटलेले अजून डोळ्यांपुढं आहेत.

मी 'नाही' दाबलं आणि टोपली उघडली. आत आप्पा होते. एकेका मिनिटाची फाइल, ओळीनं, खालपर्यंत. त्यात टाकलेलं नजरेआड होतं आणि पाहिजे तेव्हा परत काढता येतं, एवढं त्यांनी आपलं आपण शोधलं होतं. जपून ठेवायची जागा म्हणून आणखी काय पाहिजे?

"लाव की," माय म्हणाली.

"आधी कॉपी," मी म्हणाले. नियम म्हणजे नियम. सगळ्या फाइली टोपलीतून काढून बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या, आणि मगच त्यातली एक लावली.

"बाई, आज वारं लई सुटलं. बेणं झाकून आलो आत्ताच. तुझ्या नवऱ्याला सांग, येताना काडीपेटी आणू नको म्हणावं." मग स्वतःच्याच विनोदावर ते मनापासून हसले. "बाकी बरं हाय. तकलीफ काई न्हाई. अवं, ऐकलं का? चहा टाक बरं जरा..."

मिनिट संपलं.

"टाकते," माय म्हणाली आणि उठून चुलीकडं गेलीसुद्धा. मी आप्पांकडं पाहिलं. त्यांच्या तोंडाची चांगली बाजू हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी त्यांचा हात धरून रडून घेतलं.

चुलीकडून भांड्याचा आवाज आला. मग मायनं विचारलं, "आलं टाकू व्हय?"

"हां," आप्पा म्हणाले.

मी चमकले. आत्ताच ऐकलेला आवाज कानात ताजा होता, आणि हा तोच होता. जाड, थोडा घोगरा, शेवटाला वर जाणारा. तो कुठं गेलाच नव्हता.

चुलीकडं भांड्यांचा आवाज थांबला. आप्पांना चहात आलं लागतं, हे मायला सगळ्या जन्माचं माहीत आहे. तरी तिनं पुन्हा विचारलं, "टाकू ना?"


"हां."