नयना बदलली तेव्हा

बनशंकरीत आमच्या आणि देवाप्पांच्या घरांमध्ये कमरेएवढी एक भिंत आहे. तिच्यावरून कढीपत्ता, लोणच्याच्या वाट्या आणि बातम्या इकडून तिकडे होतात. माणसं मात्र फाटकातून येतात. देवाप्पांच्या बायको कस्तुराबाईही संध्याकाळी फाटकातूनच येत. सातची मालिका सुरू व्हायच्या थोडं आधी त्यांच्या चपलांचा आवाज यायचा. हातात भाजलेल्या शेंगांची वाटी आणि मागून सून महानंदा, निवडायची मेथी घेऊन.

त्यांच्या घरी टीव्ही होता, पण देवाप्पांच्या ताब्यात. बस डेपोत सगळी नोकरी इंजिनांच्या आवाजात गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं. सात वाजता ते कन्नड बातम्या लावत, त्या आमच्याही स्वयंपाकघरात ऐकू येत. म्हणून सासू-सुनेची मराठी मालिका माझ्याकडे. वासुदेव, म्हणजे माझे यजमान, गेल्यापासून माझंही संध्याकाळचं घर रिकामंच असे. मी बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या सिस्टर टाइमपास या गोष्टीला पापाची धाकटी बहीण समजत, त्यामुळे हातात विणकाम असल्याशिवाय मला अजूनही टीव्हीसमोर बसवत नाही.

कस्तुराबाई निपाणीच्या. तंबाखूच्या वखारीवर कामाला जाणाऱ्या आईची मुलगी, चौथीपर्यंत मराठी शाळा, मग लग्न होऊन कानडी घरात. घरात कन्नड बोलायच्या, हिशेब मराठीत करायच्या आणि भांडायच्या दोन्हींत. मालिका मात्र देवळात बसावं तशा बसून बघायच्या. जाहिरात लागल्याशिवाय कुणी बोलायचं नाही हा त्यांचा नियम. जाहिरात लागली की मग सासू-सुनेची जुंपायची.

मालिकेत नयना नावाची सून होती. शिकलेली, हुशार. लग्नानंतर सासरच्यांनी तिला नोकरी सोडायला लावली होती आणि ती परत नोकरीवर जाणार की नाही, यावर ती मालिका वर्षानुवर्षं चालली होती. महानंदाचं म्हणणं, ती जाणारच. कस्तुराबाईंचं म्हणणं, असल्या मालिकांत कुणी कामाला जात नाही, साड्या नेसून जिन्यात उभ्या राहतात.

"जाणार अत्ती, बघा तुम्ही," महानंदा मेथीच्या काड्या बाजूला करत सासूला म्हणायची.

"ती गेली तर मी जोंधळ्याच्या भाकरी करून रस्त्यात वाटीन," कस्तुराबाई म्हणायच्या.

महानंदा जमिनीवर चटईवर बसायची. खुर्ची दिली तरी घ्यायची नाही, खाली बसून पाय पसरता येतात म्हणायची. तिची मुलगी पवित्रा कधी तिच्या मांडीवर, कधी माझ्या लोकरीच्या गुंड्यांत. तिचा नवरा शिवकुमार शहराच्या दुसऱ्या टोकाच्या महादेवपुऱ्याहून कामावरून घरी पोचेपर्यंत नऊ वाजत, त्यामुळे घाई कुणालाच नसायची.

मग एका पावसाळ्यात महानंदाला ताप आला. आधी साधा वाटला. दवाखान्यात नेलं तोवर रक्तातल्या पेशी फार उतरल्या होत्या. आठवड्याच्या आत ती गेली. त्या दिवसांबद्दल मी जास्त लिहीत नाही. पवित्रा माझ्याकडे झोपायची आणि सकाळी उठून भिंतीपलीकडे बघायची, एवढं पुरे.

महिना उलटल्यावर एका संध्याकाळी फाटक वाजलं. कस्तुराबाई एकट्याच होत्या. हातात शेंगांची वाटी होती. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "लावा की अक्का."

मी टीव्ही लावला. चटई भिंतीला उभी करून ठेवली होती, ती मी खाली अंथरली. का, ते मलाही सांगता येणार नाही. त्यांनी चटईकडे पाहिलं आणि मग पडद्याकडे. त्यानंतर त्या रोज येऊ लागल्या. पण आता जाहिरातीतही बोलत नसत. पूर्वी नयनेला सतत टोमणे मारणारी ही बाई आता ती पडद्यावर आली की थोडी पुढे सरकून बसायची. नयनेने कपाटातून जुनी प्रमाणपत्रं काढली त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे वळून नुसती मान हलवली. महानंदाचं म्हणणं खरं ठरतंय का, ते त्या बघत होत्या. त्या पोरीचं या जगात एवढंच एक काम शिल्लक राहिलं होतं आणि ते नयनेच्या हातात होतं.

असं वर्षभर चाललं.

एका सोमवारी मालिका सुरू झाली आणि स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन वेगळीच मुलगी बाहेर आली. अंगावर नयनेची मोरपंखी साडी, गळ्यात नयनेचंच मंगळसूत्र. खाली पट्टीवर ओळ आली की आजपासून ही भूमिका अमुक करतील. सासू म्हणाली, "नयना, साखर कमी घातलीस का गं?" आणि नवी मुलगी हसली. नवऱ्याने कप उचलला. दिराने वर्तमानपत्र उलटलं.

"ही कोण?" कस्तुराबाईंनी जाहिरातीची वाट न बघता विचारलं.

मी सांगितलं की आधीच्या नटीने काम सोडलं असेल, दुसरीकडे चांगलं काम मिळालं असेल, असं होतं. त्या ऐकत होत्या, पण नजर पडद्यावर होती.

"आणि घरातलं कुणीच काही बोललं नाही?"

"बोलणार काय? त्यांच्यासाठी ती नयनाच आहे."

"काल होती ती कुठं गेली, असं एकानंही विचारलं नाही अक्का. चहा घेतला."

वाटी तशीच ठेवून त्या उठल्या. माझ्या रोजनिशीत हवामान, पाहुणे आणि औषधं असतात, मालिकांना मी तिथे कधी जागा दिली नव्हती. त्या दिवशी मात्र लिहिलं : नयना बदलली. कस्तुराबाई मध्येच उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्याही नाही. मी एकटी थोडे दिवस बघत राहिले, खरं तर त्यांना सांगता यावं म्हणून. नयना एकदाची नोकरीवर रुजू झाली, ती बातमी घेऊन मी भिंतीपाशी गेले. त्या पलीकडे दोरीवरचे कपडे काढत होत्या. मला वाटलं, हसतील, भाकरींची आठवण काढतील. त्यांनी हातातली चादर घडी करून संपवली आणि म्हणाल्या, "ती कुठं गेली अक्का? ही गेली." त्यानंतर मीही टीव्हीवरचं कापड काढलं नाही.

घरच्यांना काळजी वाटू लागली. शिवकुमारने मोठा टीव्ही आणून त्यांच्या खोलीत लावून दिला. त्याच्यावर पवित्रा कार्टून बघायची. डॉक्टरांनी शक्तीच्या गोळ्या दिल्या. सात वाजले की कस्तुराबाई मागच्या दारी कपडे धुवायच्या दगडावर जाऊन बसत. देवाप्पांनी आपल्या बातम्या बंद करून त्यांना मराठी वाहिनी लावून देऊन पाहिली. देवाप्पांनी रिमोट सोडणं ही त्या घरातली केवढी मोठी गोष्ट होती, ते मला ठाऊक आहे. त्याचाही उपयोग झाला नाही.

याच सुमारास शिवकुमार दुसऱ्या लग्नाचं बोलायला माझ्याकडे आला. येलहंक्याला एका तपासणी प्रयोगशाळेत काम करणारी यशश्री म्हणून मुलगी होती. पहिलं लग्न टिकलं नव्हतं, मूलबाळ नाही. पवित्राला ती दोनदा भेटली होती आणि पवित्राने तिला आपला दुखरा दात दाखवला होता. त्याच्या मते ही मोठी गोष्ट होती आणि माझ्याही.

"काकू, अव्वा हो म्हणत नाही, नको पण म्हणत नाही," तो म्हणाला. "ती नको म्हणाली तर मी करणार नाही. पण पवित्रासाठी... आणि माझ्यासाठी पण, खोटं कशाला बोलू?"

मी त्याला धीर दिला, पण मनात मला आशा नव्हती. पडद्यावरची सून बदललेली जिला चालली नाही, ती घरातली कशी चालवून घेईल, असंच मला वाटत होतं. देवाप्पांचंही तेच मत होतं. त्यांनी मला भिंतीवरून मोठ्यानं सांगितलं की सिनेमावाल्यांनी बाई बदलली तर आमची धड जेवेना, आता काय होतंय बघू.

यशश्री एका रविवारी आपल्या मामांबरोबर आली. शेजारधर्म म्हणून मलाही बोलावलं होतं. पोहे झाले, चहा झाला. कस्तुराबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. मुलीकडे त्यांनी नीट पाहिलंही नव्हतं.

नाव बदलण्याचा विषय देवाप्पांनी काढला. आमच्याकडे आणि त्यांच्याकडेही ही रीत आहे. लग्नात ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. महानंदा हे नावही तसंच तांदळातून आलेलं. ती माहेरची सुलभा. देवाप्पांच्या आईचं नाव महानंदा, म्हणून सुनेला ते दिलं आणि पुढे घर बांधलं तेव्हा फाटकाच्या खांबावर कन्नडमध्ये कोरून घेतलं, महानंदा निलय.

तर देवाप्पा म्हणाले की नव्या मुलीचं नावही महानंदाच ठेवू. आईचं नाव घरात राहील. फाटकावर आहेच. पोरीच्या शाळेत आईचं नाव महानंदा आहे, रेशन कार्डात आहे, कुठला कागद बदलायला नको. बोलताना त्यांचा चेहरा खुलला होता. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. बिघडलेल्या गाडीला जुना सुटा भाग नेमका बसावा, तसं त्यांना झालं होतं.

मामांनी शिवकुमारकडे पाहिलं, शिवकुमारने फरशीकडे. यशश्री म्हणाली, "मला चालेल." फार हळू म्हणाली. एकदा मोडलेल्या लग्नानंतर माणूस किती गोष्टींना चालेल म्हणतं, ते तिच्या आवाजात होतं.

"सरी, मग ठरलं," देवाप्पा म्हणाले.

"नाही ठरलं," कस्तुराबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. पवित्रा मोत्यांच्या माळेशी खेळत होती, तिनेही मान वर केली. शिवकुमारचा चेहरा उतरला. मला वाटलं, झालं, नकार आला.

कस्तुराबाई आत आल्या आणि यशश्रीसमोर उभ्या राहिल्या. "तुझ्या आईनं तुझं नाव काय ठेवलं?"

"यशश्री."

"ते काय वाईट आहे?"

ती गोंधळली. "नाही."

"मग तेच लिहायचं." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. कमी ऐकू येतं म्हणून थोडा आवाज चढवला, पण रागावल्या नव्हत्या. "महानंदा मेली. या घरची सून मेली. ती गेली हे या पोरीच्या शाळेत लिहा, रेशनच्या कार्डात लिहा, सगळीकडं लिहा. कागद बदलू दे. एक जाईल, दुसरी ट्रे घेऊन येईल, आणि आपण चहा घेत बसायचं?"

ट्रे म्हणजे काय, ते त्या खोलीत मला एकटीलाच कळलं.

देवाप्पांनी दारातून बाहेर पाहिलं. मग म्हणाले, "फाटकावरचं?"

"फाटकावरचं तुमच्या आईचं आहे. राहू दे."

मग त्यांनी यशश्रीचा हात धरून तिला आतल्या खोलीत, महानंदाच्या फोटोसमोर नेलं. बाहेर आम्हाला त्यांचा आवाज ऐकू येत होता. ही माझी सून, असं त्या तिला सांगत होत्या. हिला खाली बसायला आवडायचं. ही मेथी फार निवडून घ्यायची, निम्मी टाकून द्यायची. त्या खोलीतून रडण्याचाही आवाज आला, पण कुणाचा ते मला ओळखता आलं नाही.

लग्न देवळातच झालं, मोजक्या माणसांत. तांदूळ कस्तुराबाईंनी स्वतः ताटात पसरले आणि तळहाताने सारखे केले. शिवकुमारने अंगठीने नाव लिहिलं ते त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि मगच ताट उचलू दिलं.

कस्तुराबाई पुन्हा मालिका बघू लागल्या असं मी लिहिलं तर ते खरं होणार नाही. ती मालिका अजून चालू आहे म्हणतात. त्यांच्या खोलीतल्या मोठ्या टीव्हीवर पवित्रा कार्टूनच बघते. पण परवा, यशश्रीला सुट्टी होती त्या दिवशी, संध्याकाळी फाटक वाजलं. शेंगांची वाटी घेऊन कस्तुराबाई आणि मागून ती. मला लोकरीत मान घातलेली बघून यशश्री आपणच चटईकडे गेली.

"तिथं नको," कस्तुराबाई म्हणाल्या. "इकडं खुर्चीवर बस."

ती बसली. टीव्हीवर कापड होतं. कस्तुराबाई शेंगा सोलत तिला सांगू लागल्या की महानंदा नि त्या इथे बसून भांडायच्या, मालिकेतली नयना नोकरीला जाईल की नाही यावर.

"मग गेली का?" यशश्रीने विचारलं.

कस्तुराबाईंनी सोललेल्या शेंगा तिच्या हातावर ठेवल्या.

"अक्कांना विचार. मी बघितलं नाही."